फोटोचा हिशेब मागताना

सप्टेंबर २०२५ मध्ये गुगलच्या जेमिनीवर साडीतले फोटो करून घेण्याची लाट आली होती. साधा सेल्फी चढवायचा, शिफॉनची साडी, केसांत फूल, मागे जुन्या हिंदी सिनेमातली संध्याकाळ अशी मागणी लिहायची, की थोड्या वेळात स्वतःचंच पोस्टर तयार. त्या लाटेत एका तरुणीने इन्स्टाग्रामवर वेगळीच गोष्ट दाखवली. तिने दिलेल्या फोटोत तिच्या ड्रेसच्या बाह्या पूर्ण होत्या. एआयने काढलेल्या चित्रात मात्र तिच्या हातावर तीळ होता, आणि तो तिच्या हातावर खरोखरच आहे. याला कसं कळलं, असा तिचा प्रश्न होता.

याची तीन उत्तरं संभवतात. पहिलं, निव्वळ योगायोग. माणसांच्या असंख्य चित्रांवरून शिकलेलं मॉडेल झाकलेला भाग अंदाजाने रंगवतं, आणि तीळ बहुतेकांच्या अंगावर कुठे ना कुठे असतोच. दुसरं, त्याच खात्यात पूर्वी दिलेला एखादा फोटो कामी आला. तिसरं, तिचे सार्वजनिक फोटो मॉडेलला शिकवताना वापरलेल्या साठ्यात होते. यातलं खरं कोणतं, हे बाहेरून पाहणाऱ्याला ठरवता येत नाही. ज्याचा चेहरा आहे त्यालाही नाही. ते फक्त कंपनीला माहीत असू शकतं, आणि म्हणून तिला विचारावं लागतं.

पण विचारायचं कुठे? पिंगळी हे परभणी तालुक्यातलं गाव, परभणी-पूर्णा लोहमार्गावरचं स्टेशन. सातबाऱ्यावर नाव चुकीचं लागलं तर इथल्या माणसाला कुठे जायचं ते ठाऊक असतं: आधी तलाठी, तिथे जमलं नाही तर परभणीचं तहसील. पीकविम्याचे पैसे आले नाहीत तर बँक, कृषी कार्यालय, शेवटी एखाद्या पुढाऱ्याचा फोन. पण समजा, भाचीने हौसेने अख्ख्या घराचा ग्रुप फोटो कुठल्याशा ॲपला दिला आणि मामाला प्रश्न पडला की आता या फोटोचं पुढे काय होणार, तर त्याने कुठल्या खिडकीवर उभं राहायचं? खिडकी असते. ॲपच्या सेटिंगमध्ये चार पायऱ्या खाली, इंग्रजीत, आणि तिच्यामागे माणूस बसलेला असेलच याची खात्री नाही.

एका चुकीच्या खिडकीपासून मात्र आधीच सावध केलं पाहिजे. बरेच जण हा प्रश्न त्या चॅटबॉटलाच विचारतात: तू माझा फोटो साठवतोस का? तो छान मराठीत, मोठ्या आत्मविश्वासाने उत्तर देतो. ते उत्तर म्हणजे शिकलेल्या मजकुरावरून जुळवलेलं, पटण्याजोगं वाक्य असतं. कंपनीच्या सर्व्हरवर तुमचा फोटो आहे की नाही हे उघडून पाहण्याची सोय त्याला सहसा दिलेली नसते. त्याने वाचलेलं धोरण दोन वर्षांपूर्वीचंही असू शकतं. हाच प्रश्न थोड्या वेगळ्या शब्दांत विचारला तर उलट उत्तरही मिळतं. तहसीलदाराचा निर्णय जाणून घ्यायला कोणी कचेरीबाहेरच्या टाइपरायटरवाल्याला विचारत नाही.

बरं, कंपनीला विचारायचं तर काय? ‘माझा फोटो सुरक्षित आहे ना?’ असं विचारलं तर ‘आम्ही आपल्या गोपनीयतेचा आदर करतो’ हेच उत्तर येणार, आणि तो दोष निम्मा प्रश्नाचा आहे. दिलेला फोटो एकच असला तरी तो एकाच वेळी चार ठिकाणी असू शकतो, आणि प्रत्येक ठिकाणचे नियम निराळे असतात.

पहिलं ठिकाण म्हणजे तुमचं खातं, तुमच्या संभाषणांची यादी. ती डोळ्यांसमोर असते आणि तिथून फोटो पुसता येतो. दुसरं ठिकाण दिसत नाही. पुसलेली गोष्ट कंपनीच्या सर्व्हरवरून पुसायला मुदत लागते. ओपनएआयने चॅटजीपीटीसाठी ती साधारण तीस दिवस सांगितलेली आहे. पण २०२५ मध्ये या मुदतीचंही एक प्रकरण झालं. न्यूयॉर्क टाइम्सने दाखल केलेल्या खटल्यात अमेरिकी न्यायालयाने मे महिन्यात आदेश दिला की पुसलेली संभाषणंही जपून ठेवा. सप्टेंबरच्या अखेरीस ते बंधन उठलं. म्हणजे मधल्या काळात लाखो लोकांनी ‘डिलीट’ दाबलं आणि त्यांच्या पडद्यावरून गोष्ट गेली, तरी सर्व्हरवर ती राहिली. कंपनीची लबाडी होती असं नाही, कोर्टाचा हुकूम होता. पण कधी पुसणार, या प्रश्नाचं उत्तर पानावर छापलेल्या मुदतीहून वेगळं असू शकतं, ते असं.

तिसरं ठिकाण माणसाचा डोळा. एआय म्हटलं की पलीकडे यंत्रच असेल असं आपण धरून चालतो. गुगल आपल्या जेमिनीच्या गोपनीयतेच्या पानावर स्वतःच सांगते की काही संभाषणं माणसं तपासतात. अशी तपासलेली संभाषणं तुम्ही आपल्या खात्यातून इतिहास पुसला तरी पुसली जात नाहीत, खात्यापासून वेगळी करून ती तीन वर्षांपर्यंत ठेवली जातात. त्याच पानावर असंही लिहिलं आहे की तपासणाऱ्याने पाहू नये असं वाटतं ते इथे टाकूच नका. इतकं सरळ लिहिल्याबद्दल कंपनीचे आभारच मानावेत. मात्र चेहऱ्याचा फोटो खात्यापासून वेगळा केला म्हणून तो अनोळखी होत नाही, चेहरा हीच ओळख आहे.

चौथं ठिकाण म्हणजे मॉडेलचं प्रशिक्षण, आणि खरी गुंतागुंत इथेच आहे. फोटो प्रशिक्षणात गेला म्हणजे मॉडेलच्या पोटात तो फोटो जसाच्या तसा जाऊन बसत नाही. लाखो-कोटी फोटोंवरून मॉडेलमधले आकडे थोडेथोडे सरकतात, आणि त्या सरकण्यात तुमच्या फोटोचाही वाटा असतो. नंतर साठ्यातला मूळ फोटो पुसता येतो, पण सरकलेले आकडे मागे नेता येत नाहीत, निदान आज तरी तसा खात्रीचा मार्ग नाही. गिरणीत चार घरांची ज्वारी एकत्र दळून झाली की आपले दाणे परत मागता येत नाहीत.

अख्खं पीठ फेकायला लावता येतं, असं मात्र घडलेलं आहे. अमेरिकेत एव्हरअल्बम नावाच्या कंपनीचं ‘एव्हर’ हे फोटो साठवण्याचं ॲप होतं. लोकांनी घरचे फोटो ठेवायला दिले, आणि कंपनीने त्यातल्या काहींवर चेहरा ओळखणारी यंत्रणा घडवली. खातं बंद केलं की फोटो पुसतो असं सांगूनही तिने ते पुसलेले नव्हते. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने तडजोड जाहीर केली: खातं बंद केलेल्यांचे फोटो पुसा, संमतीशिवाय काढलेली चेहऱ्यांची मापं पुसा, आणि त्यांच्यावर घडवलेली मॉडेल्सही नष्ट करा. ही तिसरी अट त्या क्षेत्राला नवी होती. वापरकर्त्यांना आधी मिळालेलं ‘पुसलं’ हे उत्तर खोटं होतं, आणि ते उघड व्हायला सरकारी यंत्रणेची चौकशी लागली, हेही विसरून चालणार नाही.

तेव्हा प्रश्न चार ठिकाणांचे वेगवेगळे विचारायचे. ही कला महाराष्ट्राला नवी नाही. राज्याचा स्वतःचा माहिती अधिकार कायदा २००२ चा, केंद्राचा २००५ चा. तेव्हापासून गावोगावच्या लोकांनी अर्ज लिहून लिहून एक गोष्ट शिकून घेतली आहे. ‘आमच्या वस्तीचा रस्ता निकृष्ट का झाला?’ असं विचारलं की उत्तर येतं: प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही. त्याऐवजी ‘सदर कामाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत द्यावी’ असं लिहिलं की अधिकाऱ्याला कपाट उघडावं लागतं. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि मजकूर दीडशे शब्दांत ही अट आहे. कार्यकर्त्यांनी तिच्याविरुद्ध बरीच ओरड केली, तीही रास्तच. पण अर्ज लिहिणाऱ्याला तिने नेमकेपणाची सवय लावली, हेही खरं.

खासगी कंपनीला माहिती अधिकार लागू नाही, पण अर्जाची ती घडण इथे जशीच्या तशी चालते. ‘का’ विचारू नये, अभिप्राय मागू नये. नोंदीत काय आहे, कोणत्या तारखेचं आहे, कोणाला दिलं, एवढंच मागावं. माझ्या मते पत्राचा मजकूर असा असावा:

‘मी आपल्या ॲपवर अमुक तारखेला अमुक ईमेलच्या खात्यातून एक छायाचित्र दिलं. त्याबाबत पुढील माहिती लेखी द्यावी. मूळ छायाचित्र व त्यावरून बनवलेलं चित्र आज आपल्याकडे साठवलेलं आहे का, असल्यास कोणत्या तारखेपर्यंत ठेवलं जाईल? ते इतर कोणत्या कंपन्यांकडे गेलं, त्यांची नावं द्यावीत. ते तपासणीसाठी माणसांना दाखवलं गेलं का? कोणत्याही मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी ते वापरलं आहे किंवा राखून ठेवलं आहे का? हो किंवा नाही असं उत्तर द्यावं. त्यातून चेहऱ्याची मापं काढून साठवली आहेत का? प्रशिक्षणासाठी मी संमती दिली असं आपलं म्हणणं असल्यास ती कधी व कोणत्या सूचनेवरून दिली, त्या सूचनेची प्रत पाठवावी.’

दीडशे शब्दांच्या आतच हे बसतं. पत्र खात्याला जोडलेल्या ईमेलवरूनच पाठवावं, म्हणजे ओळख पटवण्याचा प्रश्न उरत नाही. ओळख म्हणून आधार कार्डाची प्रत मागितली तर लगेच देऊ नये. एका फोटोचा हिशेब मागायला जाऊन दुसरा फोटो, पत्ता आणि बारा आकडी क्रमांक त्यांच्या हवाली करण्यात शहाणपण नाही. ‘नोंदणीकृत ईमेलवरून लिहीत आहे, तेवढं पुरेसं मानावं’ असं कळवावं.

‘इतर कोणत्या कंपन्या’ हा प्रश्न छोट्या ॲपच्या बाबतीत सर्वांत मोलाचा आहे. गणपतीत, नवरात्रात, निवडणुकीत जी फोटो सजवणारी ॲप्स एकदम उगवतात, त्यातल्या पुष्कळांकडे स्वतःचं मॉडेल नसतं. ती फोटो घेतात आणि दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या यंत्रणेकडे पुढे पाठवतात. त्यामुळे ॲपने ‘आम्ही काहीच साठवत नाही’ म्हटलं तरी अर्धंच उत्तर मिळालेलं असतं. प्ले स्टोअरवर प्रत्येक ॲपखाली डेटाच्या सुरक्षिततेचा तक्ता दिसतो, त्याकडे बघावं जरूर. पण तो ॲप बनवणाऱ्याने स्वतःच भरून दिलेला असतो.

उत्तर आलं की ते वाचण्याचीही एक पद्धत आहे. ‘आम्ही तुमचा डेटा विकत नाही’ हे वाक्य बहुतेक पत्रांत असतं, आणि ते बहुधा खरंही असतं. विकणं हा आपला प्रश्नच नव्हता. प्रशिक्षणात वापरायला विकावं लागत नाही. ‘सेवा सुधारण्यासाठी’ या दोन शब्दांत प्रशिक्षण मावतं, म्हणून ते दिसले की पुन्हा विचारावं: सुधारणेत मॉडेलचं प्रशिक्षण येतं का? ‘आवश्यक असेल तोपर्यंत’ म्हणजे तारीख दिलेली नाही. ‘वापरू शकतो’ म्हणजे वापरलं की नाही ते सांगितलेलं नाही. आणि धोरणाच्या पानाचा नुसता दुवा पाठवला असेल तर तुमच्या फोटोबद्दल काहीच उत्तर दिलेलं नाही, असं समजून तेवढंच एका ओळीत परत लिहावं. दुसऱ्या पत्राला पहिल्यापेक्षा बरं उत्तर येण्याचा संभव असतो, कारण पहिलं उत्तर पुष्कळदा साचाच पाठवतो.

आता कायद्याचं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. भारतातल्या लोकांना सेवा देणारी कंपनी परदेशातली असली तरी हा कायदा तिला लागू होतो. कंपनीने कोणता डेटा कशासाठी घेते हे साध्या भाषेत सांगायचं आहे, आणि ती सूचना व संमतीची विनंती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याची सोय द्यायची आहे. कलम ११ खाली तुमच्या कोणत्या डेटावर काय प्रक्रिया चालली आहे आणि तो कोणाकोणाला दिला हे मागता येतं; वरच्या पत्रातला नावांचा प्रश्न तिथूनच आला आहे. कलम १२ दुरुस्तीचं आणि पुसण्याचं. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणं सोपं असलं पाहिजे, असंही कायदा म्हणतो.

वाचायला छान वाटतं. पण यातली बहुतेक बंधनं नियम निघाल्यापासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये अमलात यायची आहेत. त्याच कायद्याच्या दुसऱ्या एका कलमाने माहिती अधिकारातली वैयक्तिक माहितीबाबतची तरतूद बदलली, आणि तो बदल मात्र नोव्हेंबर २०२५ मध्येच लागू झाला. सरकारी दप्तरातून माहिती मागणाऱ्यांचा हात आखडला जाईल अशी कार्यकर्त्यांची तक्रार आहे. दार लावायला विलंब झाला नाही, उघडायला दीड वर्षाची मुदत मिळाली. हा क्रम मला अजून पचलेला नाही.

युरोपात हे दार २०१८ पासून उघडं आहे. समजा, पिंगळीच्याच घरातला एक मुलगा नोकरीसाठी जर्मनीत राहतो आणि धाकटा भाऊ गावी. दोघांनी एकाच कंपनीला, एकाच दिवशी, एकच प्रश्न विचारला तर जर्मनीतल्या भावाला साधारण महिनाभरात उत्तर देणं कंपनीवर बंधनकारक आहे. फेसबुक आणि इन्स्टाग्रामची मालक असलेल्या मेटाने २०२४ मध्ये सार्वजनिक पोस्ट आणि फोटो एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरणार असं युरोपात कळवलं, तेव्हा तिथे हरकत नोंदवण्याचा फॉर्म द्यावा लागला. आयर्लंडच्या नियामकाने हटकल्यावर काम जवळजवळ वर्षभर थांबलंही. ते मे २०२५ च्या अखेरीस सुरू झालं. ऑस्ट्रेलियात तसा कायदा नव्हता. तिथे संसदेच्या समितीपुढे सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीच्या अधिकाऱ्यांनी आधी आढेवेढे घेतले. सिनेटरने प्रश्न अगदी अरुंद करून विचारला, की २००७ पासून ज्यांनी मुद्दाम खासगी केलं नाही त्यांच्या सगळ्या सार्वजनिक पोस्ट तुम्ही घेतल्या, हे खरं ना? तेव्हा कुठे होकार आला. कलम हाताशी नसतानाही नेमका प्रश्न काय काढू शकतो, याचं हे उदाहरण.

सार्वजनिक फोटोंची एक गोम आपल्या कायद्यातही आहे. तुम्ही स्वतः होऊन जगजाहीर केलेल्या माहितीला हा कायदा लागूच नाही. फेसबुकवर ‘पब्लिक’ ठेवून टाकलेला वाढदिवसाचा फोटो कोणी उचलून प्रशिक्षणात घातला तर या कायद्याचा आधार मिळणं अवघड आहे. पण अट ‘स्वतः’ची आहे. गावाकडच्या फोटोंत हा भेद फार महत्त्वाचा ठरतो. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो शिक्षक टाकतात, लग्नातले फोटोग्राफर टाकतो, सत्काराचे कार्यकर्ते टाकतात. ज्याचा चेहरा आहे त्याने काही जाहीर केलेलंच नसतं, आणि अठरा वर्षांखालच्या मुलाच्या डेटासाठी तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागणार आहे. हा केवळ कागदावरचा मुद्दा नाही. प्रतिमा-मॉडेल शिकवायला वापरल्या गेलेल्या लायन-५बी या ५८५ कोटी चित्रांच्या संचात ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेला २०२४ मध्ये ब्राझीलमधल्या मुलांचे १७० फोटो सापडले. त्यांनी संचाचा ०.०००१ टक्क्याहूनही कमी भाग तपासला होता. यातले बरेच फोटो घरगुती ब्लॉगवरचे आणि मोजक्याच लोकांनी पाहिलेल्या व्हिडिओंतले होते. आपलं पान कोण बघतंय, असं म्हणण्यात अर्थ नाही.

म्हणून पत्रात, फोटो कोणी कुठे टाकला होता हेही एका ओळीत लिहावं. फोटोत इतर माणसं असतील तर त्यांचाही उल्लेख करावा. भाचीने संमतीचं बटण दाबलं ते तिच्यापुरतं. मागच्या रांगेत उभ्या असलेल्या आत्याबाईंची संमती तिने दिली असं कंपनीला म्हणता येईल का, हा प्रश्न विचारून ठेवण्यासारखा आहे.

नवे हक्क लागू झाले की कंपनीला तक्रारीला उत्तर द्यायला जास्तीत जास्त नव्वद दिवस मिळतील. त्याच्या आधी या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाकडे जाता येणार नाही. पहिली पायरी कंपनीचीच. मंडळाचं कामकाज ऑनलाइन चालायचं आहे, त्यामुळे पिंगळीहून दिल्ली गाठायची गरज पडू नये. फोटो आक्षेपार्ह करून पसरवला गेला असेल तर वाटच वेगळी: त्यात थांबू नये, १९३० वर फोन करून सायबर पोलिसांकडे नोंद करावी. कायद्यात कंपनीला दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे, आणि खोटी किंवा उगाचची तक्रार करणाऱ्यालाही दहा हजारांपर्यंत. म्हणून पाठवलेल्या पत्राची प्रत, आलेली उत्तरं आणि फोटो देताना पडद्यावर आलेल्या संमतीच्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह एका ठिकाणी ठेवावा. ते पान कंपनी केव्हाही बदलू शकते, आणि त्या दिवशी त्यावर काय लिहिलं होतं हे मंडळाला तुम्हीच दाखवू शकता.